पत सावरताना : कोणता डाग आधी, कोणता नंतर?

लकडगंजचे नाव घेतले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे सागवानाच्या थप्प्या येतात, कानांत आरा गिरण्यांचा आवाज घुमतो. येथील लाकडाचा आणि प्लायवूडचा व्यापार मोठ्या प्रमाणावर उधारीवर चालतो. माल आज जातो. रक्कम घराचे काम पुरे झाल्यावर किंवा दिवाळीच्या तोंडावर येते. अशा व्यवहारात माणसाची पत ही त्याच्या गल्ल्याइतकीच मोलाची. पूर्वी ती बाजारात तोंडी फिरत असे. ‘शब्दाचा पक्का’ एवढी ओळख पुरेशी असे. आज तेच काम ३०० ते ९०० यांमधील एक आकडा करतो. लोक त्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात.

वास्तविक सिबिल ही एक कंपनी आहे. ती २००० मध्ये मुंबईत स्थापन झाली. पुढे पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा २००५ मध्ये झाला, आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या कर्जांची नोंद ठेवतात. बँक, पतपुरवठा कंपनी, क्रेडिट कार्ड देणारी संस्था या सर्वांनी १ जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्याला ही माहिती कळवावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हप्ता चुकल्याची वार्ता आता फार दिवस झाकून राहत नाही. आणि तो भरल्याची वार्ताही तितक्याच लवकर पोहोचते.

मंदी, आजारपण, भागीदारीतील फूट किंवा एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने बुडवलेली रक्कम, यांमुळे अनेक सचोटीच्या कुटुंबांच्या अहवालावर डाग पडले आहेत. ते पुसण्याची इच्छा झाली की माणूस दोहोंपैकी एक टोक गाठतो. एक जण हाती आलेली सगळी रक्कम सर्वांत जुन्या, सर्वांत बोचणाऱ्या देण्यावर ओततो आणि चालू हप्ता चुकवतो. दुसरा ‘काळ जाईल तसे आपोआप मिटेल’ म्हणून स्वस्थ बसतो. भेगाळलेली तुळई आजच्या आज बदलावी लागते. ओले लाकूड मात्र सुकू द्यावे लागते. डागांचेही तसेच आहे. पत सावरण्याचे निम्मे शहाणपण क्रम ठरवण्यात आहे.

आधी अहवाल, मग उपाय

चारही कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाला दर कॅलेंडर वर्षात एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम २०१७ पासून लागू आहे. चार कंपन्या, चार अहवाल. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांत एकेक मागवला तर वर्षभर एक पैसाही न खर्चता लक्ष ठेवता येते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. घटतो तो अल्पावधीत पाच-सहा ठिकाणी कर्जासाठी अर्ज केल्याने. कारण प्रत्येक धनकोची चौकशी तेथे नोंदली जाते.

अहवाल हाती आला की केवळ आकडा पाहून तो मिटू नये. प्रत्येक खात्यापुढे गेल्या ३६ महिन्यांचा तक्ता असतो. कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता, ते त्यात दिसते. खात्याचा दर्जाही लिहिलेला असतो : चालू, बंद, तडजोडीने मिटवलेले, निर्लेखित. हे सर्व वाचून आपल्या नोंदींची चार भागांत वाटणी करावी : चुकीच्या नोंदी, आज थकलेले हप्ते, जुनी निर्लेखित वा तडजोडीची खाती, आणि खऱ्या पण फिटून गेलेल्या दिरंगाया. प्रत्येकाची वेळ निराळी आहे.

चुकीची नोंद : आजच

फेडून टाकलेले कर्ज अजून चालू दिसणे, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या खाती लागणे, कधी न वापरलेल्या कार्डाचे वार्षिक शुल्क थकबाकी म्हणून फुगत जाणे, असे प्रकार घडतात. यांना हात घालण्यास उत्तम मुहूर्त आजचाच. तक्रार नोंदवण्यास पैसे लागत नाहीत, आणि घड्याळ आपल्या बाजूने चालते. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळावी, अशी व्यवस्था रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केली आणि ती एप्रिल २०२४ पासून अमलात आली. या ३० दिवसांपैकी २१ दिवस धनको संस्थेला दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी असतात. पतमाहिती कंपनी धनकोने दुजोरा दिल्यावाचून नोंद बदलू शकत नाही. म्हणून तक्रार दोन्हीकडे करावी आणि पावत्या, ना-देय प्रमाणपत्र, बँकेचा खातेउतारा सोबत जोडावा.

येथे घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. तक्रार प्रलंबित असताना त्या नोंदीवर ‘वादग्रस्त’ असा शेरा पडू शकतो, आणि तो मिटेपर्यंत कर्ज देणारा थांबतो. म्हणून गृहकर्जाचा अर्ज करण्यापूर्वी निदान तीन महिने आधी हे काम उरकलेले असावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून या योजनेच्या कक्षेत आहेत. नागपुरात संविधान चौकात रिझर्व्ह बँकेचे कार्यालय असले, तरी लोकपालासाठीच्या लेखी तक्रारी चंदीगडच्या केंद्राकडे जातात. संगणकावरूनही त्या दाखल करता येतात. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

चालू थकबाकी : पहिला रुपया येथे

हाती रक्कम थोडी आणि देणी अनेक असतील, तर पहिला रुपया आज थकलेल्या हप्त्यावर जावा. हप्ता चुकल्यापासून ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६० आणि ६१ ते ९० दिवस अशा तीन पायऱ्या बँका मानतात. ९० दिवस ओलांडले की खाते अनुत्पादित ठरते. ही रेषा ओलांडण्यापूर्वी खाते सावरणे आणि ओलांडल्यावर सावरणे यांत मोठे अंतर आहे.

एकदा खाते अनुत्पादित झाले की थोडी रक्कम भरून ते पूर्ववत होत नाही. मुद्दल व व्याज यांची सगळी थकबाकी भरल्यावरच त्याला नियमित दर्जा द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. चार हप्ते थकले आणि दोन भरले, तर खिसा रिकामा होतो, पण दर्जा तसाच राहतो. शिवाय हा दर्जा खात्यापुरता न राहता त्या बँकेतील त्या ऋणकोच्या सर्व कर्जांना लागतो. वाहनाचे छोटे कर्ज बिघडले, तर त्याच बँकेतील दुकानाची कॅश क्रेडिटही अडचणीत येते.

म्हणून नव्वदीच्या सर्वांत जवळ पोहोचलेले खाते प्रथम, आणि भरायचे तर पूर्ण भरायचे. हे शक्य नसेल, तर रेषा ओलांडण्यापूर्वीच शाखेत जाऊन हप्त्यांच्या फेररचनेची लेखी विनंती करावी. संकटाची कल्पना आधी देणाऱ्याशी बँकेचा अधिकारी निराळ्या सुरात बोलतो. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत थकबाकी संपल्यावरही वापर मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावा. नेहमी काठोकाठ भरलेले कार्ड गुणांकाला जड जाते.

जुने निर्लेखित कर्ज : वेळ पाहून, पण पूर्ण

‘बँकेने राइट ऑफ केले, म्हणजे सुटलो’ असा गैरसमज फार पसरला आहे. निर्लेखन ही बँकेच्या हिशेबातील नोंद आहे. ऋणकोचे देणे त्याने संपत नाही. अशा कर्जासाठी धनको बहुधा तडजोडीचा प्रस्ताव देतो : ९० हजारांऐवजी ४० हजार भरा आणि मोकळे व्हा. रक्कम कमी होते, पण अहवालावर ‘तडजोडीने मिटवले’ असा दर्जा उमटतो. पुढचा धनको तो ‘पूर्ण फेडले नाही’ असा वाचतो. ज्या संस्थेशी तडजोड झाली, तिने शेतीखेरीज अन्य कर्जांच्या बाबतीत किमान १२ महिने त्या ऋणकोला नवे कर्ज देऊ नये, असा नियम जून २०२३ पासून आहे. लोकअदालतीत सूट घेऊन मिटवलेले प्रकरणही सूट घेतलेलेच प्रकरण असते, हे ध्यानात ठेवावे.

मग तडजोड कधीच करू नये काय? तसे नाही. घरात दीर्घ आजार आहे, दुकान बंद पडले आहे, आणि पुढील काही वर्षांत कर्ज घेण्याचा विचारही नाही, अशा कुटुंबासाठी तडजोड हा सन्माननीय मार्ग आहे. परंतु दोन-तीन वर्षांत घर घ्यायचे असेल, मुलीच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज लागणार असेल, तर थांबून, रक्कम साठवून पूर्ण फेड करणे शेवटी स्वस्त पडते. पूर्वी तडजोड झाली असल्यास सोडून दिलेली रक्कम आता भरून दर्जा ‘बंद’ असा करून मिळेल काय, हे धनकोला लेखी विचारावे. होकार लेखी आल्यावरच पैसे भरावेत.

पैसे भरण्याआधी आणखी एक खातरजमा हवी. जुने कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले गेले असू शकते. तसे असेल तर मूळ शाखेत भरलेली रक्कम भलत्याच खात्यात अडकते. देणे आज कोणाकडे आहे, एकूण रक्कम किती, फेडीनंतर अहवालात काय कळवले जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्यावीत. फेडल्यावर ना-देय प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि महिन्या-दीड महिन्याने अहवाल पुन्हा पाहावा. घर वा दुकान तारण असेल, तर कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. धनकोमुळे विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

मुदत संपली म्हणजे देणे संपले काय?

काही सल्लागार हळूच सांगतात, ‘तीन वर्षे थांबा, मग बँक काही करू शकत नाही.’ यात अर्धे सत्य आहे. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यानुसार साध्या विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांत करावा लागतो. तारण ठेवलेल्या मिळकतीवरील दाव्यास १२ वर्षे मिळतात. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे लेखी कबूल केले किंवा काही रक्कम भरून तशी सही दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून फार जुन्या देण्याच्या बाबतीत कागदावर सही करण्यापूर्वी किंवा ‘थोडेसे भरून टाका’ या आग्रहाला मान देण्यापूर्वी वकिलाला विचारणे शहाणपणाचे आहे. अर्धवट रक्कम भरल्याने दर्जा सुधारत नाही, दाव्याची टांगती तलवार मात्र पुन्हा येते.

उरलेले अर्धे सत्य सल्लागार सांगत नाहीत. दाव्याची मुदत आणि अहवालातील नोंद यांचा परस्परांशी संबंध नाही. पतमाहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे जतन करायची असते, आणि न फेडलेले खाते धनको पुढेही कळवत राहू शकतो. न्यायालयाचे दार बंद झाले, तरी बाजाराचे दार आपल्यासाठी उघडत नाही.

आणि श्रावकासाठी येथे एक तिसरे न्यायालयही आहे. आचार्य उमास्वामींच्या – श्वेतांबर परंपरेत उमास्वातींच्या – तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘न्यासापहार’ येतो. ठेव ठेवणाऱ्याला रकमेचा आकडा आठवेना आणि त्याने कमी मागितले, तेव्हा ‘बरोबर, एवढेच होते’ असे म्हणून उरलेले ठेवून घेणे, असा त्याचा अर्थ टीकाकार देतात. समोरचा विसरला, थकला, मुदत चुकवून बसला, म्हणून आपले देणे कमी होत नाही, ही दृष्टी त्यामागे आहे. आज ऐपत नसेल तर थांबावे, हप्ते मागावेत, वकिलाचा सल्लाही घ्यावा. पण थांबणे हे फेडण्याच्या तयारीसाठी असावे, बुडवण्याच्या हिशेबासाठी नसावे.

खरी, पण जुनी नोंद : हात लावू नये

दोन वर्षांपूर्वी तीन हप्ते उशिरा गेले, नंतर कर्ज पूर्ण फिटले. ही नोंद खरी आहे. ती खोडण्याचा मार्ग नाही, आणि शोधूही नये. तक्त्यात दर महिन्याला एक नवा स्वच्छ चौकोन पुढे जोडला जातो आणि एक जुना मागे पडतो. धनकोची नजर ताज्या महिन्यांवर अधिक असते. येथे काही न करणे हाच उपाय आहे. मात्र त्या काळात एकही नवा हप्ता चुकू देता कामा नये.

‘३० दिवसांत सिबिल स्वच्छ’ अशा जाहिराती करणारे मध्यस्थ नेमके याच ठिकाणी भेटतात. खऱ्या नोंदीला खोटी म्हणून तक्रार दाखल करायला ते सांगतात. कधी बनावट ना-देय पत्रही पुढे करतात. खरी नोंद कोणालाही पैसे घेऊन पुसता येत नाही. अशांना आधार, पॅन किंवा ओटीपी देणे म्हणजे चोराला किल्ली देणे. तत्त्वार्थसूत्रातील त्याच पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, हाही एक आहे. पत सावरण्यासाठी व्रत मोडावे लागत असेल, तर सावरले काय, हा प्रश्न उरतोच.

एक कल्पित उदाहरण

हा क्रम प्रत्यक्षात कसा लावावा, ते कळण्यासाठी एक उदाहरण कल्पू या. लकडगंजातील एका प्लायवूड विक्रेत्याला पुढच्या वर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास घरासाठी कर्ज हवे आहे. आता आषाढ सुरू आहे, पावसाळ्यामुळे विक्री मंद आहे, आणि हाताशी १,२०,००० रुपये आहेत. अहवालात चार गोष्टी दिसतात : न वापरलेल्या कार्डावर शुल्काची थकबाकी, मालवाहू गाडीचे १९,००० रुपयांचे दोन हप्ते थकलेले, पहिला चुकून ५२ दिवस झालेले, जुने ९०,००० रुपयांचे निर्लेखित कर्ज, ज्यावर ४०,००० रुपयांत तडजोडीचा निरोप आलेला, आणि फिटलेल्या एका कर्जातील जुनी दिरंगाई.

मोह असा होतो की ४०,००० देऊन जुने प्रकरण एकदाचे संपवावे. योग्य क्रम निराळा आहे. पहिल्या दिवशी कार्डाच्या नोंदीविरुद्ध तक्रार. तिला खर्च नाही. त्याच आठवड्यात गाडीचे ३८,००० रुपये आणि वर दंड धरून सुमारे ४०,००० रुपये भरून खाते नियमित करावे. उरलेल्या ८०,००० पैकी ३८,००० पुढील दोन हप्त्यांसाठी बाजूला ठेवावेत; पावसाळ्यात नवा हप्ता चुकला तर सगळी मेहनत वाया जाते. राहिलेले ४२,००० जुन्या कर्जासाठी राखून धनकोला लिहावे : मला पूर्ण रक्कम भरायची आहे, अखेरचा आकडा आणि फेडीनंतरचा दर्जा लेखी कळवावा. उरलेले ४८,००० दिवाळीपूर्वीच्या उधारीच्या वसुलीतून उभे राहिले की पूर्ण रक्कम एकदम भरून खाते बंद करून घ्यावे. दिवाळी ते अक्षय तृतीया हे सहा महिने नवा अर्ज नाही, नवे कार्ड नाही, फक्त वेळेवर हप्ते. जुन्या दिरंगाईला हातही लावायचा नाही. वसुली उभी राहिली नाही, तर घराचा बेत एक वर्ष पुढे ढकलावा. तडजोडीची सही करून घाईने अर्ज करण्यापेक्षा ते बरे.

सही करण्यापूर्वी

आपल्या समाजात जामीन राहणे हे नात्याचे आणि धर्माचे कर्तव्य मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसते. साडूच्या चुकलेल्या हप्त्याने आपल्या मुलाचे शैक्षणिक कर्ज अडू शकते. म्हणून जामीन राहायचे तर त्या कर्जाचा हप्ता जात आहे की नाही, हे दर महिन्याला विचारण्याचा हक्क आधीच मागून घ्यावा. यात संकोच नसावा; हिशेब विचारल्याने नाती तुटत नाहीत, न विचारल्याने तुटलेली पुष्कळ दिसतात.

वसुलीसाठी येणाऱ्या माणसांनाही मर्यादा आहेत. सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर त्यांनी वसुलीचे फोन करू नयेत, धमकावू नये, नातेवाइकांपुढे अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. देणे असणे हा अपराध नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांनी ते लपवून ठेवले की निर्णय घाबरून होतात, आणि घाबरून केलेल्या निर्णयात क्रम चुकतो. देण्यांची यादी पत्नी आणि कर्त्या मुला-मुलींसमोर मांडली, तर अर्धा भार त्या दिवशीच हलका होतो.

आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्‌गृहस्थाचे जे गुण सांगितले, त्यांत न्यायाने मिळवलेले धन आणि मिळकतीला साजेसा खर्च या दोहोंना स्थान आहे. पतगुणांकाचा आकडा या गुणांची जागा घेऊ शकत नाही. मात्र जे कुटुंब हे दोन गुण पाळते, त्याचा आकडा आज ना उद्या सावरतोच. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, दिवाळीला, आपण वहीपूजन करतो. यंदा नव्या वहीशेजारी आपला पतअहवालही ठेवावा, आणि त्याच्या समासात पेन्सिलीने चार खुणा कराव्यात : आज, या महिन्यात, ऐपत आल्यावर, आणि काळावर सोपवलेले.